सासूबाई पुन्हा पडतील का? पडण्याचा धोका कसा तपासतात

तुमच्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, गेल्या चार महिन्यांत दोनदा पडल्या, दुसऱ्या वेळी दोन दिवस रुग्णालयात राहावे लागले, आणि घरी सोडताना मिळालेल्या कागदांत पडण्याच्या धोक्याचा एक तक्ता होता, त्यावर ‘६० गुण, अतिजोखीम’ असे लिहिले होते. एक्स-रे आणि मेंदूचे सीटी स्कॅन व्यवस्थित आले. तुमचे प्रश्न तीन आहेत: या ६० चा अर्थ काय, त्या पुन्हा पडणारच असे समजायचे का, आणि त्यांचे एकटीने देवळात जाणे बंद करावे का. सोबत तुम्ही त्यांच्या औषधांची यादी आणि दोन्ही वेळच्या पडण्याची हकिगत लिहिली आहे, त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे. गेली बावीस वर्षे मी प्रामुख्याने ज्येष्ठ रुग्णांवर उपचार करत आलो आहे आणि माझ्या लेखी त्या दोन हकिगती ६० या आकड्याहून कितीतरी अधिक मोलाच्या आहेत.

प्रथम त्या आकड्याविषयी. तुम्ही वर्णन केलेला सहा ओळींचा तक्ता मोर्स स्केल या नावाने ओळखला जातो. जॅनिस मोर्स या परिचर्याशास्त्राच्या संशोधिकेने तो तयार केला, १९८९ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि तो रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णासाठी, पाळीवरच्या परिचारिकेला दोन-तीन मिनिटांत भरता यावा असा बेतलेला आहे. पूर्वी पडल्याचा इतिहास असेल तर २५ गुण, एकाहून अधिक आजार असतील तर १५, शिरेत सलाईनची सुई असेल तर २०. शिवाय चालण्याचा आधार, चाल आणि स्वतःच्या क्षमतेचे भान यांचे वेगळे गुण. या तीन ओळींपुढे शून्य आहे असे तुम्ही लिहिता, तेव्हा सासूबाईंचे ६० म्हणजे २५, १५ आणि २० यांची बेरीज झाली. आता पाहा, हातातली सुई काढली त्या क्षणी हा आकडा ४० वर आला. अनेक रुग्णालये ४५ ला अतिजोखमीची सीमा मानतात, म्हणजे कागदाच्या हिशेबाने त्या घरी निघतानाच अतिजोखमीतून बाहेर पडल्या. प्रत्यक्षात मात्र त्यांचे पाय, त्यांच्या गोळ्या आणि घरातले न्हाणीघर यांपैकी काहीही बदललेले नव्हते. ‘चाल’ या ओळीपुढे शून्य आहे, पण त्या दोन दिवसांत त्यांना शौचालयालाही चाकाच्या खुर्चीतून नेत होते, असेही तुम्हीच लिहिता. मग त्यांची चाल पाहिली कोणी?

यात मी परिचारिकांना दोष देत नाही. एका पाळीला पंधरा-वीस रुग्ण सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून तक्ता भरून घेतला की तपासणी झाली, असे मानणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे. इंग्लंडमधल्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्येच स्पष्ट केले होते की रुग्णालयातील कोण पडेल याचे भाकीत करण्यासाठी असे गुणतक्ते वापरू नयेत. दाखल झालेल्या ६५ वर्षांवरील प्रत्येकाला धोका आहे असे धरून, त्याच्या बाबतीत काय सुधारता येईल ते शोधावे. मलाही अनुभवाने तेच पटलेले आहे. आकडा भीती निर्माण करतो, पण उद्या सकाळी नेमके काय करायचे ते सांगत नाही.

तरीही धोका खरा आहे, आणि त्यासाठी कोणत्याही तक्त्याची गरज नाही. पडणे टाळण्याविषयी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार वर्षभरात दोन किंवा अधिक वेळा पडणे, पडून दुखापत होणे, शुद्ध हरपणे किंवा पडल्यावर तासभर उठताच न येणे, यांपैकी एक गोष्ट जरी असली तरी ती व्यक्ती अतिजोखमीची मानून तिची सर्वांगीण तपासणी करायची असते. सासूबाई चार महिन्यांत दोनदा पडल्या, तेवढे पुरेसे आहे. पण ‘पुन्हा पडणारच’ असा त्याचा अर्थ नाही. अमेरिकेतील न्यू हेवन येथे मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५ वर्षांवरील ३३६ व्यक्तींचा वर्षभर मागोवा घेतला आणि १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्यात धोक्याचे एकही कारण नव्हते त्यांच्यातील ८ टक्के पडले, आणि चार किंवा अधिक कारणे असलेल्यांपैकी ७८ टक्के. झोपेच्या गोळ्या, पायांचे दुखणे, तोल, विसराळूपणा अशी ती कारणे होती. या अभ्यासाने मला एक कायमची सवय लावली. मी रुग्णाच्या नावापुढे गुण लिहीत नाही, कारणे लिहितो. आणि प्रत्येक कारणापुढे ते दूर होण्यासारखे आहे की नाही, ते लिहितो. वय कमी करता येत नाही, पण रात्रीची गोळी कमी करता येते.

म्हणून आता त्या दोन हकिगतींकडे येऊ. पडलेल्या माणसाची चौकशी करताना मी अगदी बारीकसारीक विचारतो: किती वाजले होते, त्याआधी पाच मिनिटे काय चालले होते, हातात काय होते, पायात काय होते, तोंड कोणत्या दिशेला होते, आपण पडतो आहोत हे कळले का, हात टेकवता आला का, उठवले कोणी. आपल्याकडचे ज्येष्ठ बहुधा ‘मी पडले’ असे म्हणतच नाहीत. ‘जरा बसले’, ‘पाय मुडपला’, ‘सरकले थोडी’ असे शब्द येतात, कारण पडल्याचे सांगितले तर बाहेर जाणे बंद होईल ही भीती मनात असते. त्यामुळे ‘पडलात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर मिळते आणि ‘कधी भिंत धरावी लागली का, कधी मध्येच खाली बसावे लागले का?’ असे विचारले की वर्षभराचा इतिहास बाहेर येतो.

‘चक्कर’ हा शब्दही असाच उलगडून घ्यावा लागतो. मराठीत आपण निदान चार वेगळ्या गोष्टींना चक्करच म्हणतो. घर गरगर फिरल्यासारखे वाटले, विशेषतः कूस बदलताना किंवा वर फडताळाकडे पाहताना, आणि ते मिनिटभराच्या आत थांबले, तर दोष बहुधा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत असतो. डोके आणि मान ठरावीक क्रमाने वळवण्याच्या उपचाराने तो अनेकदा एक-दोन बैठकींत बरा होतो, त्यासाठी महिनोन्‌महिने गोळ्या घ्याव्या लागत नाहीत. डोळ्यांपुढे अंधारी आली, कानांत दडे बसले, घाम फुटला, असे वर्णन असेल तर मेंदूकडे जाणारे रक्त किंवा रक्तातील साखर कमी पडल्याची शंका घ्यायची. डोके शांत आहे पण पायांखालची जमीन खात्रीची वाटत नाही, असे असेल तर पायांच्या नसा, सांधे किंवा मज्जारज्जू तपासायचे. आणि ‘डोके नुसते रिकामे वाटते’ या तक्रारीमागे पुष्कळदा औषधे, अपुरी झोप किंवा मनाची उदासी असते.

सासूबाईंचे पहिले पडणे पहाटे साडेपाचचे. लघवीला उठल्या, पलंगापासून चार पावले गेल्या, ‘डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली बसले’ असे त्यांचेच शब्द तुम्ही लिहिले आहेत. दुसरे पडणे दुपारी बाराचे. ओट्यापाशी उभ्या होत्या, हातात ताटली होती, दारावरची बेल वाजली, त्या वळल्या आणि ‘पायच उचलला नाही’. कुशीवर पडल्या, अंधारी वगैरे काही आली नाही. ही दोन्ही पडणी एकाच ओळीत ‘पूर्वी पडल्याचा इतिहास: होय’ अशी लिहिली गेली आणि त्यांचे मिळून २५ गुण झाले. मला मात्र त्यांत दोन निरनिराळे विकार दिसतात आणि दोहोंचा तपास वेगळ्या दिशेने करावा लागेल. मी त्यांना प्रत्यक्ष तपासलेले नाही, त्यामुळे पुढे लिहितो ते निदान समजू नका. तुमच्या डॉक्टरांपुढे मांडण्याजोग्या या शंका आहेत.

पहिल्या पडण्यासाठी पहिली तपासणी अगदी साधी आहे आणि खेदाची गोष्ट अशी की ती क्वचितच केली जाते: उभे करून रक्तदाब मोजणे. पाच मिनिटे शांत आडवे झोपवून रक्तदाब घ्यायचा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उभे राहताना रक्तदाब पडतो, असे म्हणतात. खुर्चीत बसवून एकदाच घेतलेल्या रक्तदाबात हे कधीही दिसत नाही. घरी यंत्र असेल तर तीन-चार दिवस सकाळी उठताक्षणी, गोळी घेण्यापूर्वी हे करा. मात्र शेजारी कोणीतरी त्यांना धरून उभे राहिलेले असावे आणि अंधारी आल्यास लगेच बसवावे. प्रत्येक वेळी नाडीचा आकडाही लिहून ठेवा. रक्तदाब उतरूनही नाडी फारशी वाढत नसेल तर दीर्घकाळच्या मधुमेहाने रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणाऱ्या नसा दुबळ्या झाल्या असण्याची शक्यता वाढते, आणि नाडी चांगलीच वाढत असेल तर शरीरातील पाणी कमी पडणे किंवा औषधांचा परिणाम यांचा विचार आधी करावा लागतो.

औषधांची यादी वाचताना मी थोडा थबकलो. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन, त्यातच लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड; साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड; झोपेसाठी रोज रात्री क्लोनाझेपाम; आणि ‘चक्कर येते म्हणून’ तीन वर्षांपासून सिनारिझिन. यांतली प्रत्येक गोळी केव्हातरी योग्य कारणाने सुरू झाली असेल, पण त्या सर्व एकत्र पुन्हा कोणी पाहिल्या का, हा प्रश्न आहे. ग्लिमेपिराइडने जेवण कमी झालेल्या दिवशी पहाटे साखर खाली जाऊ शकते, म्हणून पहिल्या पडण्याच्या वेळेची, म्हणजे पहाटे पाचच्या सुमाराची साखर दोन-तीनदा तपासायला हवी. अनेक आजार असलेल्या या वयाच्या रुग्णाचे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांपर्यंत राहिले तरी बहुधा चालते, ते ६.५ वर आणण्याचा आग्रह धरण्यात फायद्यापेक्षा धोका अधिक. क्लोनाझेपामचा अंमल रात्रीपुरता मर्यादित राहत नाही, पहाटेपर्यंत आणि पुढे दिवसभरही तो शरीरात असतो. ती गोळी एकदम बंद करायची नाही, कारण त्याने झोप पूर्ण उडणे, अस्वस्थता, क्वचित आकडीचा झटकाही येऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कित्येक आठवड्यांत हळूहळू उतरवावी लागते.

सिनारिझिनविषयी मला जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण हा प्रकार मी आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार पाहतो. सिनारिझिन काय किंवा प्रोक्लोरपेराझिन काय, ही औषधे चक्करीच्या तीव्र झटक्यात थोडे दिवस घेण्याची आहेत. आपल्याकडे ती चिठ्ठीवर एकदा लिहिली गेली की दुकानातून वर्षानुवर्षे आणली जातात. काही ज्येष्ठांत त्यांच्यामुळे कंपवातासारखी (पार्किन्सनसारखी) लक्षणे दिसू लागतात: पावले आखूड पडतात, चालताना हात हलत नाहीत, चेहऱ्यावरचे भाव मंदावतात, आणि वळताना आधी मान, मग खांदे, मग पाय अशा सहज क्रमाने शरीर न वळता सगळे एकदम, लाकडी ओंडक्यासारखे वळते. ‘पायच उचलला नाही’ हे वाक्य वाचल्यावर माझ्या मनात प्रथम हेच आले. दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते, कंपवाताचे औषध सुरू करायचे की नाही हे विचारायला. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चक्करीच्या गोळीचे अर्धे पाकीट होते. ती गोळी थांबवली आणि चार महिन्यांनी ते दोन्ही हात हलवत दारातून आत आले. प्रत्येकाचे असे होत नाही, काहींत मूळचा कंपवात असतोच आणि तो त्या औषधाने लवकर उघडा पडलेला असतो, पण आधी औषधाचा संशय फेडून घेणे रुग्णाच्या हिताचे आहे.

दुसऱ्या पडण्याचा तपास त्यांना चालताना पाहिल्याशिवाय होणार नाही. त्यासाठी १९९१ पासून जगभर वापरली जाणारी एक चाचणी आहे. हाताच्या खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे, आणि लागलेला वेळ मोजायचा. नेहमीची पादत्राणे, नेहमीची काठी, नेहमीचा वेग. घरात दोन फुटी फरश्या असतील तर पाच फरश्या म्हणजे साधारण तीन मीटर. अमेरिकेत १२ सेकंद किंवा अधिक लागले तर धोका धरतात, जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी १५ सेकंदांहून अधिक ही रेषा मानली आहे. मी वेळ लावतो खरा, पण माझे डोळे घड्याळावर नसतात. उठताना एका झटक्यात उठल्या की दोन-तीनदा झोका घ्यावा लागला? उठताक्षणी चालू लागल्या की क्षणभर थांबून तोल सावरला? पाऊल फरशीवरून उचलले जाते की घासते? वळायला दोन-तीन पावले लागली की जागच्या जागी सहा-सात? बसताना खुर्ची पायांना लागल्यावर बसल्या की अंदाजाने मागे कोसळल्या? १४ सेकंद दोन वेगळ्या आजींना लागू शकतात, एकीला गुडघेदुखीमुळे आणि दुसरीला वळताना पाय जमिनीला खिळल्यामुळे, आणि त्या दोघींचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत.

त्यानंतर मी चालता चालता बोलायला लावतो. स्वीडनमधील एका वृद्धनिवासात १९९७ साली ५८ जणांवर झालेला एक छोटा अभ्यास मला फार आवडतो. सोबत चालताना सहज गप्पा सुरू केल्यावर त्यांतले १२ जण बोलण्यासाठी थांबले, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. चालणे ज्याचे अंगवळणी राहिलेले नाही, त्याला पावलागणिक लक्ष द्यावे लागते, आणि ते लक्ष दुसरीकडे गेले की पाय चुकतो. मी माझ्या रुग्णांना चालता चालता आठवड्याचे वार रविवारपासून उलटे म्हणायला सांगतो, किंवा चैत्र ते फाल्गुन महिने उलटे. आजींना ते परीक्षेसारखे न वाटता गंमत वाटते. ताटली हातात, बेल दारावर आणि शरीर वळणात, अशा तीन गोष्टी एका क्षणी आल्या तेव्हा सासूबाई पडल्या, हे या संदर्भात लक्षात घ्या.

आणखी दोन साध्या चाचण्या आहेत. हात छातीवर दुमडून, खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजायचे. ७५ ते ७९ वयाच्या स्त्रीला दहापेक्षा कमी वेळा जमले तर मांड्यांची ताकद कमी आहे असे मानतात. आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून सरळ रेषेत दहा सेकंद उभे राहता येते का, ते पाहायचे. या दोन्ही वेळी खुर्ची भिंतीला टेकलेली असावी आणि कोणीतरी हाताच्या अंतरावर उभे असावे.

बाकीच्या तपासण्या मी थोडक्यात सांगतो. डोळे: मोतीबिंदू किती पिकला आहे, आणि दूरचे-जवळचे एकाच काचेतून दिसणारा चष्मा घालून त्या जिना उतरतात का, कारण खाली पाहताना जवळची काच येते आणि पायरी धूसर दिसते. पाय: तळव्यांची संवेदना, अंगठ्याला कंपन जाणवते का, नखे, कुरूप. रक्त: हिमोग्लोबिन, सोडियम, मूत्रपिंडांचे काम, थायरॉइड, आणि शाकाहारी असून वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेत असल्यामुळे बी-१२ जरूर. हृदयाचा आलेख. रात्री लघवीला किती वेळा उठतात आणि घाई होते का. स्मरणशक्ती. ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढावी, पण ६०,००० एककांची पाकिटे न मोजता वर्षानुवर्षे घेऊ नयेत. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख एककांचा डोस देऊन केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पडणे आणि हाडे मोडणे दोन्ही वाढले होते. हाडांची घनता मात्र एकदा अवश्य तपासून घ्या, कारण पडण्याचा धोका आणि पडल्यावर खुबा मोडण्याचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसऱ्यावर स्वतंत्र औषध उपलब्ध आहे.

घराची पाहणी मी शक्य तिथे स्वतः जाऊन करतो किंवा फिजिओथेरपिस्टला पाठवतो. आत शिरल्यावर मी प्रथम भिंती पाहतो. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत कमरेच्या आणि खांद्याच्या मध्ये रंग काळवंडलेला, तेलकट झालेला असेल तर त्या घरातली आजी कित्येक महिन्यांपासून भिंत धरून चालते आहे, हे ती सांगो वा न सांगो. नंतर चपला उलट्या करून तळ पाहतो. एकाच बाजूने झिजला असेल तर पाऊल तिरके पडते. तुमच्याकडे विशेषतः या गोष्टी पाहा: मच्छरदाणीची कड पहाटे उठताना पायात येते का, परकर घोट्याच्या खाली लोळतो का, न्हाणीघराच्या उंबरठ्याची उंची किती, दाराशी सरकणारे पायपुसणे आहे का, आंघोळीचे स्टूल प्लास्टिकचे हलके आहे का, आणि त्या उठताना नेमके कशाला धरतात. पुष्कळ घरांत टॉवेलच्या दांडीला धरतात. ती दांडी टॉवेलचे वजन पेलण्यासाठी असते, माणसाचे नव्हे. भिंतीत पक्का बसवलेला जाड आडवा बार कमोडपाशी एक आणि आंघोळीच्या जागी एक, एवढा खर्च प्रथम करा; कोठे लावायचा ते मिस्त्रीला ठरवू देऊ नका, सासूबाईंना तिथे बसवून त्यांचा हात जिथे जातो तिथे खूण करा. पलंगाशी असा दिवा ठेवा की अंधारात हात लांब न करता लागेल. उठल्यावर दोन मिनिटे पलंगाच्या कडेवर पाय सोडून बसायचे, घोटे दहा-वीस वेळा वरखाली करायचे आणि मग उभे राहायचे, ही सवय पहिल्या प्रकारच्या पडण्याला औषधाइतकीच उपयोगी आहे.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याविषयी. ‘आम्ही आता त्यांना काहीच करू देत नाही, पाणीसुद्धा हातात नेऊन देतो’, असे तुम्ही लिहिले आहे. त्यामागची माया मला समजते, आणि दोनदा पडलेल्या माणसाच्या घरात किती धास्ती असते तेही मी रोज पाहतो. पण हिशेब करा. पाणी घ्यायला, दार उघडायला, कपडे वाळत घालायला म्हणून त्या दिवसातून तीस-चाळीस वेळा खुर्चीतून उठत असतील, तर ‘आई, तुम्ही बसा, मी आणते’ या प्रत्येक वाक्याने त्यातले एक उठणे गेले. या वयात बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू काही आठवड्यांत ओसरतात, आणि तीस सेकंदांत नऊ वेळा उठू शकणारी व्यक्ती पाच वेळांवर येते. पडण्याची भीती घरच्यांकडून रुग्णाकडे जाते, भीतीने पावले अधिक आखूड होतात, आखूड पावलांनी तोल अधिक जातो. त्यांना काम करू द्या, फक्त काम आणि वळण एकत्र येणार नाही अशी व्यवस्था करा: बेल वाजली तर आधी ताटली ओट्यावर ठेवायची, मग वळायचे, आणि वळताना एका जागी न फिरता ‘एक, दोन, तीन’ असे मोजत मोठ्या पावलांनी अर्धवर्तुळात वळायचे.

व्यायामाचा पुरावा या सर्व उपायांत सर्वांत भक्कम आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या, २०१९ मधील कॉक्रेन आढाव्यात व्यायामाने घरी राहणाऱ्या ज्येष्ठांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेले दिसले, आणि त्यातही तोलाचे व रोजच्या हालचालींचे व्यायाम सर्वांत उपयोगी ठरले. नुसते फिरायला जाणे पुरत नाही. तोल थोडा आव्हानात पडेल असे व्यायाम लागतात, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, बाजूला चालणे, आणि ते आठवड्यातून तीन वेळा, महिनोन्‌महिने. पहिले सहा-आठ आठवडे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा, म्हणजे व्यायाम कधी आणि किती कठीण करायचा ते नीट ठरेल. जमिनीवरून उठायचे कसे, म्हणजे आधी कुशीवर, मग कोपरावर, मग गुडघ्यांवर येऊन खुर्चीला धरून, हेही त्यांच्याकडूनच शिकवून घ्या. पडल्यावर बराच वेळ जमिनीवर पडून राहणे हे कधीकधी पडण्याइतकेच घातक ठरते.

काही गोष्टींत मात्र वाट पाहू नका. पडण्याआधी किंवा पडताना शुद्ध गेली, छातीत धडधडले, एका बाजूचा हात-पाय किंवा बोलणे दुबळे झाले, पडल्यानंतर जांघेत दुखते आणि त्या पायावर भार देववत नाही (एक्स-रे व्यवस्थित असला तरी, कारण खुब्याची बारीक भेग पहिल्या एक्स-रेत सुटू शकते), किंवा काही आठवड्यांत गुंगी, डोकेदुखी, गोंधळलेपण वाढत गेले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचणारे रक्त पहिल्या स्कॅनमध्ये नसू शकते आणि काही आठवड्यांनी दिसू शकते. रक्त पातळ करणारे औषध सुरू असेल तर डोक्याला लागल्यावर स्कॅनला उशीर करू नये.

शेवटी देवळाचा प्रश्न. तपासण्या होईपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, कोणीतरी सोबत जावे. बंद करू नये. घरापासून देऊळ चारशे पावलांवर आहे असे तुम्ही लिहिता, त्यांना रोज एवढे चालायला लावणारी दुसरी कोणतीही गोष्ट घरात नाही. काठी घ्यायची ठरली तर हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तेवढी तिची उंची असावी, आणि खालचे रबरी बूच झिजलेले नसावे. पहाटेच्या काकडआरतीऐवजी न्याहारीनंतर तास-दीड तासाने, उजेडात जावे. मला चिंता त्या चारशे पावलांची नाही, देवळाच्या दारातल्या एका मिनिटाची आहे. तिथे बहुतेक आजी एका पायावर उभ्या राहून चपला काढतात, मग ओल्या, गुळगुळीत फरशीवर अनवाणी पाऊल टाकतात आणि गाभाऱ्याभोवतीच्या अरुंद वाटेने प्रदक्षिणेला वळतात. पुढच्या वेळी सोबत जाल तेव्हा पायऱ्यांशेजारच्या कट्ट्यावर बसून चपला काढायची सवय लावा, तळपाय पुसायला पिशवीत एक फडके ठेवा, आणि प्रदक्षिणेत भिंतीच्या बाजूने त्यांना चालू देऊन तुम्ही दुसऱ्या बाजूने चाला.